‘येऊ’मधला दीर्घ ऊ

शुक्रवार, ८ मार्च

प्रिय बारक्या,

घरी सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत. इतक्या वर्षांनी पाकिटावर ताईचं अक्षर दिसल्यावर तुझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं असणार, म्हणून आधी ते लिहून टाकलं. तुझा राहता पत्ता माझ्याकडे नाही. कार्यक्रम संपल्यावर नावं सरकतात त्यात कचेरीचा पत्ता असतो, तो तीन शनिवार मिळून उतरवून घेतला. फार भराभर सरकवता तुम्ही.

गेल्या शनिवारचा ‘चारचौघांत’ मी पाहिला. चांगला होता. तुझे केस खरंच मागे गेलेत की तो टोप होता, ते काही कळलं नाही. बाबांनी पाहिला नाही. ते हल्ली संध्याकाळी लवकर आडवे होतात.

लिहायचं कारण वेगळं आहे. मी आता बाबांच्याच पेपरात कामाला आहे, पाच वर्षं झाली. पुरवणीत बसते. लोकांनी पाठवलेलं नीटनेटकं करून छापायला देते. तिथे दर गुरुवारी ‘एक प्रेक्षक’ या नावाने टीव्हीवरच्या कार्यक्रमांचं परीक्षण येतं. कालचं तुमच्यावर होतं. तू वाचलं नसलंस तर कुणीतरी आणून दाखवेलच, अशी कात्रणं दाखवायला माणसं फार तत्पर असतात. त्यापेक्षा मीच उतरवून देते:

‘या भागात पाच प्रहसनं होती. पहिली चार पाहिली नाहीत तरी बिघडत नाही. पाचव्याचं नाव ‘चूकभूल’. एका निवृत्त मुद्रितशोधकाच्या मुलाला गुंड पळवून नेतात आणि खंडणीची चिठ्ठी पाठवतात. बाप चिठ्ठी वाचतो, तांबड्या शाईने चुका दाखवतो आणि परत धाडतो. गुंड नवी प्रत काढतात. बाप ती पुन्हा तपासतो. अशा चार फेऱ्या होतात आणि प्रेक्षक हसून हसून बेजार होतात. कशाला, ते त्यांनाच ठाऊक. ‘परत येउ का’ असं मुलाने काकुळतीने विचारावं आणि बापाने फक्त त्यातला ऊ दीर्घ करून द्यावा, यात विनोद कुठे आहे? हा सूड आहे, आणि सुडाला हशा लावून विकण्यासारखा हलका धंदा नाही. बापाचं काम करणारा नट नकला बऱ्या करतो. शेवट जमलेला नाही.’

मनाला लावून घेऊ नकोस. हा ‘एक प्रेक्षक’ कोण, ते आम्हालाही ठाऊक नाही. पाकीट येतं, आम्ही छापतो. अशा लोकांना स्वतःला काही करायचं नसतं, दुसऱ्याच्या ताटातलं मीठ तेवढं चाखून बघायचं असतं.

वेळेवर जेवतोस ना? टीव्हीत गालफडं बसल्यासारखी दिसतात.

तुझी,
ताई


शनिवार, १६ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. मायना नाही, सही नाही. ‘आमच्या प्रहसनात मुलगा बापाला पत्र लिहीतच नाही. परत येऊ का, असं त्यात कुणी कुणाला विचारत नाही. ही गोष्ट जगात तीन माणसांना माहीत आहे. एक मी. आणि बाबा काही टीव्हीची परीक्षणं लिहीत नसणार.’

चार दिवस मी खोटं काय सांगता येईल ते शोधत होते. तुमच्यातलाच कुणी फितूर झाला असेल, असं लिहावं? तूच कधी कुणाला मुलाखतीत बोलला असशील, असं? मग म्हटलं, पुरे.

मीच ‘एक प्रेक्षक’. चार वर्षं झाली. आमच्या संपादक बाईंना आणि बाबांना सोडून कुणाला माहीत नाही. कार्यक्रम शनिवारी झाला, सोमवारी दुपारी मी लिहायला बसले. पडद्यावर काय दिसलं ते लिहायचं सोडून माझ्या डोक्यात जे होतं ते लिहीत गेले, आणि तुमच्या प्रहसनात नसलेली ओळ त्यात कधी शिरली ते मला कळलंही नाही. छापून आल्यावर तीनदा वाचलं, तरी कळलं नाही. तुझं कार्ड आल्यावर कळलं. मुद्रितशोधकाच्या मुलीची ही तऱ्हा.

दुसरं खोटं. बाबांनी तो भाग पाहिला. माझ्या शेजारी बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू टीव्हीवर येऊ लागल्यापासून दर शनिवारी साडेसातला ते खुर्ची टीव्हीकडे वळवून घेतात. तुझं नाव काढत नाहीत, पण खुर्ची वळवतात. तू चष्मा कपाळावर चढवून आलास आणि कागद डोळ्यांपासून वीतभर लांब धरलास, तेव्हाच हे आपलंच सोंग आहे, हे त्यांना समजलं. मी कानकोंडी होऊन बसले होते.

आणि मग तो थोराड गुंड तिसरी चिठ्ठी लिहिताना दाराबाहेरून ओरडून विचारतो, ‘काका, खंडणीतला ण कुठला हो, नळातला की बाणातला?’ आणि तू आतून, वर न बघता, ‘बाणातला. आणि काका नाही, महोदय.’

मी हसले. खुदकन नव्हे. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भान आलं तेव्हा बाबा टीव्हीकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

प्रहसन संपलं, जाहिराती लागल्या. थोड्या वेळाने म्हणाले, ‘आवाज कमी कर.’ आवाज मी मघाशीच बंद केलेला होता.

तुला राग आला असेल तर येऊ दे. मलाही आहे. तुझ्या पत्राचं तेव्हा जे झालं ते झालं. बाबांचा स्वभाव तुला नवा नव्हता. तू घर सोडून नाटकवाल्यांबरोबर गेलास तेव्हा ते म्हणाले होते, परत यायचं तर विचारून यायचं. चौदा महिन्यांनी तू विचारलंस, आणि तुझाच कागद दुरुस्त होऊन तुला परत आला. लागलं असणार. पण म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला असं चारचौघांत उभं करायचं? घरातली धुणी घरात धुवावीत. हसणारी माणसं हसून घरी गेली. इथे कोण राहतं, तर मी.

ताई


गुरुवार, २८ मार्च

बारक्या,

गेल्या पत्राचं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. हे पत्र मात्र पूर्ण वाच, आणि एकट्याने बसून वाच.

बाबांनी पेपर तपासणं सोडलं आहे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी रोज सकाळी चहाबरोबर शिसपेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चुका काढायच्या, आणि मी कचेरीत निघाले की दारात उभं राहून आकडा सांगायचा. ‘आज सतरा. तुमच्याकडे कुणी बघतं की नाही?’ ज्या दिवशी पाचाच्या आत आल्या त्या दिवशी तोंड उतरलेलं असायचं. त्या शनिवारनंतर पेपर दारातून उचलतात आणि घडी न मोडता रद्दीवर ठेवतात. भिंग आणि पेन्सिल कपाटात गेली. मी विचारलं तर म्हणाले, ‘डोळे साथ देत नाहीत.’

डोळ्यांना काही झालेलं नाही, डॉक्टरांना दाखवून आले. मग मी एक आगाऊपणा केला. मागच्या गुरुवारी माझ्याच सदराच्या मथळ्यात ‘परीक्षण’ मुद्दाम ‘परिक्षण’ करून छापलं. मोठ्या टायपात. पेपर त्यांच्या बशीशेजारी उघडून ठेवला. कचेरीत बाईंनी मला सगळ्यांसमोर झापलं. बाबांनी त्या मथळ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग कप त्याच्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘चहात साखर कमी आहे.’

काल मी त्यांची नखं कापत होते. मध्येच म्हणाले, ‘पुरी दोन पानं लिहिली होती मी त्याला.’

मी मान वर केली नाही.

‘चूक कबूल केली होती. एवढं लांब पत्र मी आयुष्यात कुणाला लिहिलं नाही. त्याच्या आईलासुद्धा नाही. आठ वर्षं वाट बघितली. आता टीव्हीवर दिलं त्याने उत्तर.’

आणि हात माझ्या हातातच राहू दिला. अजून तीन बोटं व्हायची होती. मी ती कापली.

आता ऐक. मी नुसतं लिहिते, सजवत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते आधी उभ्याउभ्या वाचलं. मग टेबलाशी बसले, पेन्सिल घेतली आणि दुरुस्त केलं. ‘परत येउ का’मधला उ खोडून दीर्घ केला, दोन ठिकाणी अनुस्वार घातले, एक पूर्णविराम. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं, हे मला समोर बसून दिसत होतं. त्यानंतर त्यांनी कोरे कागद घेतले आणि दुपारभर लिहिलं. संध्याकाळी दोन्ही माझ्याकडे दिले. म्हणाले, ‘एकाच पाकिटात घाल. चुकाही कळू देत त्याला, नाहीतर म्हणेल म्हातारा बदलला.’ हे ते हसून म्हणाले, बारक्या. मी त्यांना तसं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

पाकीट चिकटवायच्या आधी मी त्यांचं पत्र वाचलं. त्यात होतं की मी चुकलो. विचारून ये म्हणालो तेही चुकलो, स्वतःच्या घरी कुणी विचारून येत नाही. नाटकातच काम करायचं असेल तर इथून कर. आणि त्यात होतं, ‘मागची खोली तुला मोकळी करून देतो. सध्या तिथे ताई असते. ती काही म्हणायची नाही.’

त्या खोलीत जाऊन मला सहा महिने झाले होते. तेहतीस वर्षांत मला दाराला आतून कडी असलेली ती पहिली खोली. तू गेल्यापासून त्यांच्या पथ्याचं, औषधाचं, त्यांच्या रागाचं सगळं मी बघत होते, आणि त्या चौदा महिन्यांत त्यांनी मला एकदाही ‘दमलीस का’ असं विचारलं नव्हतं. तुझ्यासाठी दोन पानं. माझ्यासाठी त्या दोन पानांत एक ओळ, आणि ती ही.

मी पाकिटात फक्त तुझा दुरुस्त केलेला कागद घातला. म्हटलं, घे. इथे राहणाऱ्याला काय मिळतं ते तुलाही कळू दे. दुसरं पत्र पर्समध्ये ठेवलं. उद्या राग उतरला की टाकीन, असं खरंच मनात होतं. उद्याही राग होता. परवा पत्र पोचायला किती दिवस लागतात ते मोजले आणि वाटलं, आता टाकलं तर ते मागे ठेवलं होतं हे तुम्हाला कळेल. आठवड्याने बाबांनी विचारलं, ‘टाकलंस ना?’ मी हो म्हटलं. तिथून पुढे ते टाकायचं म्हणजे तो ‘हो’ही परत घ्यायचा होता. मग एक वर्ष गेलं आणि मग मोजणं सोडलं.

ते पत्र सोबत आहे. घड्यांवर फाटायला आलं आहे, सांभाळून उघड. त्यात चूक एकही नाही.

मी तुझी क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही म्हणून नव्हे. तू ‘जाऊ दे’ म्हणून टाकशील अशी भीती वाटते म्हणून. इतक्यात जाऊ देऊ नकोस.

ताई


सोमवार, ८ एप्रिल

बारक्या,

तुला पत्र टाकलं त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. आधी तुला आणि मग त्यांना, या क्रमातही माझा भित्रेपणा आहे. उलट केलं असतं तर पत्र टाकायची हिंमत झाली नसती.

ते खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, ‘बाबा, तुमचं ते दोन पानांचं पत्र बारक्याला मिळालंच नाही. मी ते टाकलं नव्हतं.’

त्यांनी खिडकीकडून मान वळवली. ‘कुठे आहे?’

‘आज टाकलं.’

‘आज.’

‘हो.’

‘आणि तो दुरुस्त केलेला कागद?’

‘तो तेव्हाच टाकला.’

त्यांनी डोळे मिटले. काय झालं असेल ते एकेक करून त्यांच्यासमोर उभं राहत होतं आणि मी समोर बसून बघत होते. तू तो कागद कुठे उघडला असशील, पाकिटात आणखी काही आहे का म्हणून ते उलटं करून झटकलं असशील. माझ्या मनात हे आठ वर्षांत पुष्कळदा येऊन गेलं होतं. त्यांच्या मनात पहिल्यांदा येत होतं.

‘का केलंस?’

‘तुम्ही लिहिलं होतं, ताई काही म्हणायची नाही.’

त्यांना आठवलं. ओळ न् ओळ आठवत असणार. म्हणाले, ‘मग म्हणायचं होतंस.’

एवढंच. उठले आणि आत गेले. त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलतात. ‘पाणी गरम आहे.’ ‘दाराशी कुणी आलंय.’ ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बाबांशी कसं वागायचं ते मला येतं.

कचेरीतही सांगून टाकलं. एकदा बांध फुटल्यावर मधेच कुठे अडवणार. संपादक बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘म्हणजे तुम्ही सख्ख्या भावाच्या कार्यक्रमावर लिहिलंत, त्यात नसलेला प्रसंग घातलात आणि तो वाईट आहे म्हणून त्यांना झोडपलंत.’ मी म्हटलं, हो. ‘चार वर्षांतलं तुमचं सगळ्यात चांगलं लिहिलेलं परीक्षण होतं हो ते,’ त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी कौतुकाने म्हटलं नाही. येत्या गुरुवारी चौकटीत खुलासा येईल. सदर बंद. नोकरी राहिली आहे. आता मी सिनेमाच्या वेळा आणि शब्दकोडं बघते.

तुझं पाकीट शुक्रवारी आलं. जाड होतं. वर फक्त बाबांचं नाव. मी ते त्यांच्या हातात दिलं. उघडून देऊ का, असं विचारायचं तोंडावर आलं होतं, आठ वर्षं त्यांचं सगळं टपाल मीच उघडते. त्यांनी कपाटातून भिंग काढलं, खोलीत गेले आणि दार लावलं. कडी घातली. मी स्वयंपाकघरात उभी होते. काही ऐकू येत नव्हतं. तासाने कडी निघाली. तोंड धुतलं, टॉवेल मागितला आणि म्हणाले, ‘तो येतोय. मंगळवारी सोळा तारखेला. दुपारचा.’

तू काय लिहिलं होतंस ते मला कळलेलं नाही आणि मी शोधलंही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्यावर विश्वास ठेवायला तुला काही कारण उरलेलं नाही.

मी त्या दिवशी घरात असावं की नसावं, ते कळव. काहीच आलं नाही तर मी असेन, कारण दार कुणीतरी उघडायला हवं.

ताई


गुरुवार, २ मे

बारक्या,

हे पत्र पोस्टाने नाही. तू दुपारी पोचशील तेव्हा ते टेबलावर तांब्याखाली असेल.

त्या मंगळवारी आपण बोललो नाही, म्हणजे बोलण्यासारखं बोललो नाही, म्हणून लिहिते. मी दार उघडलं. तू ‘बाबा?’ असं विचारलंस, मी बोट दाखवलं आणि तू चप्पल काढून आत गेलास. जवळून पाहिल्यावर कळलं, टोप नाही, केसच गेलेत. मग तुमचं दार लागलं. आतलं तुला ठाऊक आहे, मला बाहेरून जे ऐकू आलं ते सांगते. आधी तुझा आवाज, मग बाबा म्हणाले, ‘करून दाखव.’ तू नाही म्हणत होतास. ते म्हणाले, ‘सगळ्या जगाला दाखवलंस. मी समोर बसलोय, मला दाखव.’

मग तू उभा राहिलास, खुर्ची सरकली. तू बाबांसमोर बाबा केलेस. चौथी चिठ्ठी येते, तिच्यात एकही चूक सापडत नाही, बाप तिच्यावर ‘छापायला हरकत नाही’ असं लिहून सही करतो, खणात ठेवतो आणि मुलाला सोडवायला जातच नाही. सही करून झाल्यावर तू थांबलास. कार्यक्रमात तू जितका थांबला होतास त्याहून कितीतरी जास्त. मला वाटलं, आता काहीतरी वाईट होणार. मग बाबांचा आवाज आला. ‘तांबडी शाई मी जन्मात वापरली नाही. पेन्सिल वापरायचो. लिहिणाऱ्याला वाटलं तर खोडता यावं म्हणून.’

त्यानंतर तू रडत होतास की ते, ते मी ऐकायचं नाही असं ठरवलं आणि नळ सोडला.

जाताना जिन्यात तू थांबलास. मला वाटलं, आता म्हणशील काय म्हणायचं ते. पाठ माझ्याकडे ठेवून म्हणालास, ‘आठ वर्षं मी तो कागद खिशात घेऊन फिरलो, ताई. कुणाला दाखवला नाही, पण जिथे जाईन तिथे त्याच्यावरच नकला करून लोकांना हसवलं. त्याच्यावर पोट भरलं माझं.’ दोन पायऱ्या उतरलास आणि म्हणालास, ‘तुला काय म्हणू ते मला अजून सुचत नाही.’ आणि उतरून गेलास.

सुचेल तेव्हा म्हण. मी इथेच असते. आणि चांगलं सुचलं नाही तरी म्हण.

एक माझ्याकडून राहिलं होतं, तेही लिहून टाकते. ‘शेवट जमलेला नाही’ असं मी छापलं. तो जमला होता. त्या शेवटाला प्रेक्षक हसायचे थांबले होते, ते टीव्हीवरसुद्धा ऐकू आलं. मी इतकी परीक्षणं लिहिली, असं थांबलेलं कधी ऐकलं नव्हतं. खुलाशाच्या चौकटीत हे घाला म्हणून मी बाईंना सांगितलं. जागा नव्हती.

आता कामाचं. बाबांच्या सकाळच्या दोन गोळ्या निळ्या डबीत, जेवणाआधी. रात्रीची अर्धीच, ते अख्खी घेतली म्हणून सांगतील. डाव्या कानाकडून बोलायचं नाही, ऐकू येत नाही आणि येतं असं दाखवतात. न्हाणीघरात पाट ठेवला आहे, त्यावर बसूनच अंघोळ. दुपारी झोपणार नाही म्हणतात आणि खुर्चीत झोपतात, तेव्हा मान कलते, उशी लाव. तुला मागची खोली आवरून ठेवली आहे. चादर धुतलेली आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या वस्तू आहेत, त्या तिथेच राहू देत.

मी चार दिवस नाही. हे तुझ्यामुळे नाही. मागच्या रविवारी बाबा जेवताना म्हणाले, ‘तो चार दिवस राहतोय. त्या चार दिवसांत तू घरात नसलीस तरी चालेल.’ मी ते पत्राचं कबूल केल्यापासून माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं लांब वाक्य. मला काढून टाकताहेत की सुट्टी देताहेत, ते मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळेना. रात्रभर ते वाक्य मी दोन्ही बाजूंनी वाचलं, दोन्ही बाजूंनी बरोबर लागतं.

सकाळी विचारलं, ‘कुठे जाऊ?’

‘ते मला काय विचारतेस? तुला कुठे जायचंय?’

मला सांगता येईना. एकेचाळीस वर्षांची बाई, आणि कुठे जायचं म्हटल्यावर बाजार आणि कचेरी सोडून जागा आठवेना. शेवटी कचेरीत शब्दकोडं रचून देणाऱ्या बाईंनी एक गाव सुचवलं. तिथे नदीकाठी राहायची सोय आहे आणि बघण्यासारखं काहीच नाही, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं. आठची बस आहे. चार दिवसांना किती कपडे लागतात याचा अंदाज नव्हता, त्यामुळे बॅग उगीचच जड झाली आहे.

बाबा आत्ता जागे झालेत, मी निघतेय ते त्यांना माहीत आहे. तू येईपर्यंत शेजारच्या काकू बसणार आहेत.

घराची एक किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला आहे, ती तुझ्यासाठी. माझी मी बरोबर नेतेय.

ताई